पैसा ड्रॉइंगवर वाचतो

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकांपुढे केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप आहे.

मित्रहो, मी खरेदी विभागात बावीस वर्षे काढली. त्यांतली पहिली सात-आठ वर्षे तीन कोटेशने मागवणे, सर्वांत कमी दरवाल्याला बोलावणे आणि त्याच्याकडूनही आणखी पाच टक्के काढणे यालाच मी खरेदी समजत होतो. त्या पाच टक्क्यांच्या कितीतरी पट रक्कम आमच्याच ड्रॉइंगने, म्हणजे करून घ्यायच्या भागाच्या मापांच्या आराखड्याने, आधी खर्ची घातलेली असायची, हे मला एका वयस्कर लेथ कारागिराने दाखवून दिले.

एका साध्या झाकणाचे ड्रॉइंग त्यांनी माझ्यासमोर पसरले आणि सोळा मापांपैकी एकेकावर बोट ठेवून ते विचारत गेले, "साहेब, हे कशात बसतं?" मला दोनच मापांचे उत्तर देता आले. उरलेली चौदा मापे कशालाही टेकत नव्हती, तरी प्रत्येकासाठी ±0.02 मिलिमीटर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, मागितलेला होता, कारण आमच्या ड्रॉइंगच्या चौकटीत तोच कायमचा छापलेला होता. "मला मात्र सोळाही मापांवर मायक्रोमीटर लावावा लागतो," ते म्हणाले, "आणि त्याचे पैसे मी तुमच्याकडूनच घेतो."

जी मापे कशाशीही जुळायची नसतात त्यांच्यासाठी आयएसओ 2768 या सर्वसाधारण टॉलरन्सच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा मध्यम वर्ग पुरेसा असतो. 30 ते 120 मिलिमीटरपर्यंतच्या लांबीला तो ±0.3 मिलिमीटरची मुभा देतो, म्हणजे आमच्या मागणीच्या पंधरा पट. जिथे खरोखर बसवणी आहे तिथे मात्र हात आखडू नये. आपल्या सर्वांच्या परिचयाचे 6205 बेअरिंग घ्या. त्याच्या शाफ्टला 25 के 6 (25 मिलिमीटर व्यास, के 6 हा टॉलरन्सचा वर्ग) मागितले, तर माप 25.002 ते 25.015 मिलिमीटरमध्ये यायला हवे. तेरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा पट्टा ग्राइंडिंगशिवाय, म्हणजे घासचाकाने घासल्याशिवाय, भरवशाने मिळत नाही आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. पण हे बेअरिंग 15 मिलिमीटर रुंद आहे. शाफ्टवर अशी दोन बेअरिंगे बसतात; त्यांच्या दोन बैठका मिळून 30 मिलिमीटर लांबीचे ग्राइंडिंग लागते, आणि आपण 300 मिलिमीटरचा शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत ग्राइंड करायला सांगतो. मधला भाग टर्निंगमध्येच, म्हणजे लेथवर, 24.5 ला उतरवा. ग्राइंडिंगचा चाक तिथे पोहोचणार नाही, वेळ वाचेल, आणि बेअरिंग चढवताना फिटरला शाफ्टभर हातोडी चालवावी लागणार नाही.

मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या कटरने कापायच्या, जॉबमध्ये आतला कोपरा अगदी काटकोनात दाखवण्याची सवयही अशीच महाग पडते. कटर गोल असतो, त्यामुळे 10 मिलिमीटरचा कटर 5 मिलिमीटरची त्रिज्या सोडणारच. तुम्हाला खरोखर टोकदार कोपरा हवा असेल, तर जॉबला स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या, मशीनवर चढवावे लागते. त्रिज्या 6 दिली, तर तोच कटर न अडखळता वळतो. कच्च्या मालाचेही पाहा. बाहेरचा व्यास 50 मागितला, तर 50 च्या रॉडमधून स्वच्छ माल निघत नाही, पुढच्या मापाचा रॉड घ्यावा लागतो. 48 चालतो का, हा प्रश्न ड्रॉइंग काढतानाच विचारायचा असतो. ऑर्डर गेल्यावर तो कोणीच विचारत नाही.

संख्येचा हिशेब तर घरीच करता येतो. समजा मशीनच्या सेटिंगला तीन तास आणि प्रत्येक जॉबला दहा मिनिटे लागतात. एकच नग मागवला, तर त्याच्यावर 190 मिनिटे चढतात. दहा मागवले, तर प्रत्येकी 28. पन्नास मागवले, तर 14 हूनही कमी. म्हणून दर महिन्याला पाच-पाच नगांची ऑर्डर देण्यापेक्षा वर्षाची गरज एकत्र सांगावी, माल टप्प्याटप्प्याने उचलावा, आणि पहिला नग तपासून होकार दिल्याशिवाय पुढचे नग कापू नयेत असे ऑर्डरमध्येच लिहावे. त्या पहिल्या नगासाठी गेलेला एक दिवस मला कधीही वाया गेलेला वाटला नाही. प्लेटिंग असेल, तर दिलेले माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, हेही लिहावे; दहा मायक्रॉनचा थर शाफ्टचा व्यास वीस मायक्रॉननी वाढवतो.

आता आपल्या गावाची गोष्ट. एका मे महिन्यात आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा माल आला, बोअर (आतले गोल भोक) 80 एच 7, म्हणजे 80 मिलिमीटरवर शून्य ते 30 मायक्रॉन अधिक. पुरवठादाराने तो 24 अंशांच्या वातानुकूलित खोलीत मोजून पाठवला होता. माल भर दुपारी टेम्पोतून उतरला तेव्हा हाताला चटका बसत होता. आमच्या तपासनिसाने थंड खोलीतून बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचे साधन, आणून तसाच लावला, आणि सगळा माल मोठा म्हणून नाकारला. मीही त्या चलनावर सही केली. ॲल्युमिनियमचे एक मीटर दर अंशाला सुमारे 23 मायक्रॉन वाढते. 80 मिलिमीटरचा बोअर वीस अंशांच्या फरकाने सुमारे 37 मायक्रॉन फुगतो, म्हणजे आम्ही दिलेला अख्खा टॉलरन्स उन्हानेच खाऊन टाकला होता. माल परत गेला, तिकडे सगळे नग बरोबर भरले, पुन्हा आला. जाण्यायेण्यात आमची जुळणी चार दिवस थांबली आणि दोन्ही फेऱ्यांचे भाडे, योग्यच होते, आम्ही भरले. मापांचे आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान 20 अंश आहे, हे पुस्तकात मी वाचले होते. नागपूरच्या उन्हाळ्याशी त्याची सांगड मात्र घातली नव्हती.

एक सांगायचे राहिले. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचे असते. माझा अनुभव असा, की जो वीस दिवसांत पैसे देतो त्याचा अडलेला जॉब रात्रपाळीतही चढतो. पुण्याचा दर चार टक्क्यांनी कमी आहे म्हणून सातशे किलोमीटरवर ऑर्डर देण्याआधी इथल्याच बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत दुचाकीवर जाऊन यावे, ड्रॉइंग मशीनवाल्यासमोर ठेवावे, आणि यातले कोणते माप तुम्हाला नडते, असे विचारावे.

त्या हाउसिंगच्या ड्रॉइंगवर आता "माप 20 अंशांवर" असे लिहिलेले आहे. आलेला माल आम्ही रात्रभर गेजशेजारी, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या सपाट पाटावर, ठेवतो, आणि सकाळी आठला मोजतो.