मारबत, शिशुपाल आणि बाबांचा प्लॉट

नमस्कार मंडळी. कमिटीनं मला विषय दिला देवाचा न्याय आणि वेळ दिला दहा मिनिटं, म्हणजे ज्याला देवालाही युगं लागतात ते मी जेवणाआधी उरकायचं. बघू.

मी नागपूरचा, इतवारीतला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत निघते, म्हणजे पीडेचा मोठा बाईचा पुतळा मिरवणुकीनं नेतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे तसेच पुरुषांचे पुतळे, त्यांच्यावर पाट्या महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, त्या वर्षी जे काही लोकांच्या डोक्यात गेलं असेल त्याच्या. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई, असं जुने लोक सांगतात. पाय ठेवायला जागा नसते आणि सगळीकडून एकच ओरडा, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग नेऊन जाळायची, अन् पुढच्या वर्षी परत बनवायची कारण पीडा काही संपत नाही.

मी दहा वर्षांचा असताना बाबांनी पीएफ काढून एका लेआऊटमध्ये प्लॉट घेतला आणि नंतर कळलं की विकणाऱ्यानं तोच प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलाय. आई रात्री स्वयंपाकघरात लाईट न लावता बसून राहायची. त्या वर्षी मारबतीच्या गर्दीत मी घसा फाटेस्तोवर त्या माणसाचं नाव घेऊन ओरडलो, याला घेऊन जा गे मारबत! आजीनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. म्हणे, "नाव नाही घ्या लागत कोनाचं. पीडा म्हन. मान्साचं थो पाहून राह्यला."

काय पाहून राहिला? त्या माणसानं दसऱ्याला नवीन गाडी घेतली, आणि मोहल्ल्यातल्या गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी त्याचीच. माझा देवावर तेव्हा फार राग होता, खोटं कशाला बोलू.

पुढे शिशुपालाची गोष्ट नीट वाचली. हा शिशुपाल आमच्या विदर्भाचा होता होता राहिलेला जावई, रुक्मिणी कौंडिण्यपूरची आणि भावानं तिचं लग्न याच्याशी ठरवलेलं. आपण "शंभर भरले" म्हणत दुसऱ्याचे अपराध मोजत बसतो, पण ते 100 आले कुठून? त्याच्या आईनं मागून घेतले होते कृष्णाकडून, ती कृष्णाची आत्या. म्हणजे आपल्याला जो उशीर वाटतो तो कुणाच्या तरी आईनं पदर पसरून मागितलेला असू शकतो, आणि हे डोक्यात आलं तेव्हा मी गप्पच झालो, कारण माझे स्वतःचे किती झालेत हे माझ्या आईलाच माहीत.

पण एक आहे. देव बघेल म्हणून हात बांधून बसणं वेगळं. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारत होती आणि भीष्मासारखा माणूस धर्म फार सूक्ष्म आहे म्हणून सुटला, याला मी भरवसा म्हणणार नाही. इथे आपल्यातल्या कुणाचा मालकानं पगार बुडवला तर भोग म्हणून सोडू नका, कम्प्लेंट करा, फॉर्म भरायला मी येतो.

बाबांनी केस टाकली. निकाल लागला, समोरच्यानं अपील केलं, ते अजून चालूच आहे. माणूस मजेत आहे. बाबा तारखेला प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन जातात, कोर्टाच्या आवारात झाडाखाली जेवतात. मी एकदा फोनवर चिडलो तर म्हणाले, "मी माझं काम करून राहिलो ना, त्याचं त्याच्यावर सोडलं, म्हणून झोप लागते मले."

परवा पुतणीनं यंदाच्या मारबतीचा व्हिडिओ पाठवला. कोपऱ्यावर बाबा, डोक्याला रुमाल बांधून, हात वर करून ओरडतायत. नाव घेतलं की काय ते ऐकायला मी आवाज फुल केला, तीनदा मागे नेऊन बघितलं. ढोल-ताशात काहीच ऐकू आलं नाही.