कोठडीऐवजी केस मॅनेजर

(दृश्य: पहाटेचा क्वीन्स प्लाझा. रिकामा बसथांबा.)

न्यूयॉर्क शहराचं रायकर्स आयलंड जेल. 1990च्या दशकात इथून सुटणाऱ्या मनोरुग्णांना पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान बसने आणून क्वीन्स प्लाझाला उतरवलं जायचं. हातात दीड डॉलर आणि दोन फेऱ्यांचं मेट्रोकार्ड. गोळ्या नाहीत, पुढच्या डॉक्टरचं नाव नाही. 1999मध्ये ‘ब्रॅड एच.’ या टोपणनावाने शहरावर सामूहिक दावा दाखल झाला. 2003मध्ये तडजोड झाली, आणि अशा माणसाला सोडण्याआधी त्याच्या पुढच्या उपचारांची सोय लावणं शहराला भाग पडलं.

अमेरिकेतलं जेल म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा असं वाटतं, पण काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलमध्ये बहुतेक कच्चे कैदी असतात. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांतल्या पाच जेलांची पाहणी 2009मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गंभीर मानसिक आजार असलेले पुरुष 14.5 टक्के निघाले, तर स्त्रिया 31 टक्के.

त्यांना जेलऐवजी उपचारांकडे वळवण्याच्या जागा अनेक आहेत. पहिली पोलिसांपाशीच. मेम्फिस शहराने 1988मध्ये मनोरुग्णांशी गाठ पडते अशा प्रसंगांसाठी 40 तास प्रशिक्षण घेतलेले पोलिस नेमले. ती पद्धत पुढे देशभर गेली. दुसरी न्यायालयात. फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीत 1997मध्ये किरकोळ गुन्ह्यांसाठी वेगळं मानसिक आरोग्य न्यायालय सुरू झालं. 2000मध्ये न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या ‘नॅथॅनिएल प्रोजेक्ट’ या कार्यक्रमाने गंभीर गुन्ह्यांचे आरोपीही घ्यायला सुरुवात केली.

पण न्यायाधीशाने ‘उपचार घे’ असा हुकूम दिला म्हणून उपचार होत नाहीत. तारीख लक्षात ठेवणं, बस पकडणं, फॉर्म भरणं, दोन तास रांगेत शांत बसणं, नेमकं हेच आजाराने अवघड केलेलं असतं. हुकूम आणि माणूस यांच्यामधली ही जागा केस मॅनेजर, म्हणजे एकेका रुग्णाचे उपचार, कागदपत्रं आणि राहण्याची सोय यांचा पाठपुरावा करणारा कर्मचारी, भरतो. तो नसेल तर जेलऐवजी उपचारांचा हा पर्याय म्हणजे जेलमध्ये परत जाण्याचा लांबचा रस्ता.

(दृश्य: जेलमधला नोंदणी कक्ष. टेबलावर एक पानी फॉर्म.)

काम सुरू होतं अटकेच्या दिवशी. जेलमध्ये घेताना वापरण्यासाठी आठ प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे: विचार कोणी काढून घेतंय असं वाटतं का, मानसिक त्रासासाठी कधी रुग्णालयात होतात का, सध्या औषध चालू आहे का. दोन-तीन मिनिटांत होते. तिच्यातून निदान होत नाही, फक्त पुढची तपासणी कोणाची करायची ते कळतं. ती गर्दीच्या काउंटरवर, इतर कैद्यांच्या देखत घेतली, तर उत्तरं ‘नाही, नाही, नाही’ अशीच येतात.

पुढची तपासणी झाली, आरोपीचा वकील आणि सरकारी वकील तयार झाले, आरोपीने स्वतः होकार दिला, की केस मॅनेजर जेलमध्ये जाऊन भेटतो. सुटकेनंतर नव्हे, आधी. याच भेटींमध्ये तो ओळखपत्र, औषधांची यादी आणि माहिती देण्या-घेण्याची सही केलेली संमतिपत्रं गोळा करतो. ओळखपत्र अटकेच्या गोंधळात हमखास हरवतं, आणि त्याच्यावाचून खोली मिळत नाही, भत्ता मिळत नाही.

भत्त्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. अपंगत्वाचा ‘एसएसआय’ भत्ता, कॅलेंडरचा पूर्ण महिना जेलमध्ये गेला की थांबतो. थांबून सलग 12 महिने झाले की पात्रताच संपते आणि सगळा अर्ज पहिल्यापासून. म्हणून अनुभवी केस मॅनेजर अटकेची तारीख डोक्यात ठेवूनच पुढचं ठरवतो. ‘मेडिकेड’ हा सरकारी आरोग्य विमासुद्धा आतल्या माणसाचा खर्च सहसा उचलत नाही. सुटकेआधी 90 दिवसांपर्यंत काही सेवांचा खर्च त्यातून करण्याची पहिली परवानगी कॅलिफोर्नियाला मिळाली, ती जानेवारी 2023मध्ये.

(दृश्य: औषधांचा ट्रे.)

आता औषधं. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं आणि सर्वांत कमी बोललं जातं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर क्लोझापिन देतात. ते दोन दिवस किंवा अधिक चुकलं, तर जुना डोस तसाच पुन्हा देता येत नाही. रक्तदाब कोसळण्याचा, हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं, आणि मूळ डोस गाठायला काही आठवडे लागू शकतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली, जेलच्या डॉक्टरची गाठ सोमवारी पडली, एवढ्यानेही वर्षभर बसवलेली घडी मोडते. केस मॅनेजरने त्याच रात्री जेलच्या नर्सला फोन करून डोस आणि शेवटच्या गोळीची वेळ सांगितली, तर ही घडी टिकते. काही जणांसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सोयीचं पडतं. तिथेही पुढच्या इंजेक्शनची तारीख, जागा आणि ते देणारी नर्स सुटकेआधी ठरलेली हवी.

सुटका दिवसाढवळ्या व्हावी आणि केस मॅनेजर फाटकावर हजर असावा. हा शिष्टाचार नव्हे. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांमधून सुटलेल्यांचा एक अभ्यास 2007मध्ये आला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या 12.7 पट होता, आणि सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर जुनंच प्रमाण जीव घेतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या पिशवीत गोळ्यांबरोबर अफूजन्य पदार्थांच्या अतिडोसवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवाराही असायला हवा.

एका केस मॅनेजरकडे माणसं किती, यावर बाकी सगळं ठरतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे 1970च्या दशकात घडलेल्या टीम-पद्धतीत एका कर्मचाऱ्यामागे साधारण दहा रुग्ण असतात. मनोविकारतज्ज्ञ, नर्स, व्यसनमुक्ती आणि नोकरी पाहणारे, शिवाय स्वतः या आजारातून गेलेला एक सहकारी अशी ती टीम. रोज बैठक होते, आणि बहुतेक काम रुग्ण राहतो तिथे जाऊन. हाच आकडा साठ-सत्तरवर नेला, की पाठपुरावा फोनवर येतो, आणि ज्याचा फोन लागत नाही तोच नेमका यादीतून गळतो.

उपचारांनीच गुन्हे थांबतात, हा समजही महागात पडतो. 429 गुन्ह्यांच्या एका अभ्यासात लक्षणांशी थेट संबंध असलेले फार थोडे निघाले: सायकोसिसशी (भास-भ्रम) 4 टक्के, नैराश्याशी 3, बायपोलरशी (मनाची टोकाची चढउतार) 10. उरलेल्यांच्या मागे दारिद्र्य, बेघरपणा, व्यसन, संगत अशी इतर कैद्यांचीच कारणं येतात. म्हणून खोली, कमाई आणि रिकामा वेळ हेही केस मॅनेजरचंच काम. ‘आधी सहा महिने व्यसन सोड, मग खोली’ ही अट घालणाऱ्या कार्यक्रमांतून माणसं खोलीआधीच निसटतात.

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा.)

सर्वांत नाजूक प्रश्न हा, की न्यायाधीशाला काय सांगायचं. हजेरी, औषध चालू आहे की नाही, राहण्याचा पत्ता, एवढं पुरतं. समुपदेशनात बोललेलं न्यायालयात पोचलं, की माणूस बोलायचा थांबतो. अहवालात काय जाणार, हे पहिल्याच भेटीत त्याला वाचून दाखवावं. एक भेट चुकली की वॉरंट, ही सवय तर सगळ्या पद्धतीवर पाणी ओतते. आधी केस मॅनेजरने घरी जाऊन बघायचं: बस चुकली, औषधाने झोप लागली, की आजार उसळला? तिन्हींचं उत्तर वेगळं. तिसरं असेल तर डोस बदलतो किंवा थोडे दिवस रुग्णालय लागतं.

वर्ष-दीड वर्षाने खटला मागे घेतला जातो किंवा शिक्षा कमी होते. त्या दिवशी न्यायालयाचा अधिकार संपतो आणि अनेक ठिकाणी केस मॅनेजरचा पगार देणारं अनुदानही. शहाणे कार्यक्रम त्याआधी तीन-चार महिने रुग्णाला नेहमीच्या दवाखान्यात न्यायला लागतात. पहिल्या काही भेटींना जुना आणि नवा केस मॅनेजर दोघंही हजर राहतात. अनुदानाच्या अर्जात या जोडभेटींचे पैसे आधीच धरलेले असावे लागतात. मागाहून मागितले तर मिळत नाहीत.