शटर गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, आणि पैसे किती लागतात

नमस्कार मंडळी. आज १९ ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन, सकाळी सगळ्यांनी कॅमेऱ्यांची पूजा केली, आणि आता मी त्याच कॅमेऱ्याच्या बिघाडाबद्दल बोलणार आहे. मुद्दाम आजच बोलतोय, कारण तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की कुणाला ऐकायला वेळ नसतो, आणि ज्याच्या स्क्रीनवर ऐन हार घालताना एरर येतो त्याला तेव्हा सांगून काही उपयोग नसतो. आत्ता हातात अडीच-तीन महिने आहेत.

माझं म्हणणं एकच आहे. शटर हा झिजणारा पार्ट आहे, गाडीच्या ब्रेक शूसारखा. तो जाणारच आहे. आपण मात्र तो गेला की नशीब फुटल्यासारखं डोक्याला हात लावतो, उधार-उसनवार करतो आणि जो म्हणेल तेवढे पैसे देऊन मोकळे होतो. हे नाही व्हायला पाहिजे.

आधी आत काय चालतं ते बघू. सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप, तिच्या पुढे दोन पडदे असतात, पातळ पात्यांचे, पहिला पडदा आणि दुसरा पडदा. बटण दाबलं की आधी आरसा वर जातो, मग पहिला पडदा सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो, मग दुसरा पडदा मागून येऊन तो झाकतो, मग मोटर स्प्रिंगा पुन्हा ताणून ठेवते. आता फुल फ्रेमचा सेन्सर २४ मिलिमीटर उंच, आणि पडदा तो साधारण ३ मिलिसेकंदात पार करतो. म्हणजे सरासरी सेकंदाला आठ मीटर, ताशी जवळपास तीस किलोमीटर, आणि हा वेग शून्यातून घ्यायचा आणि लगेच पुन्हा शून्यावर यायचं, तेही बोटभर जागेत! १/८००० सेकंदाच्या स्पीडला तर पूर्ण सेन्सर एका वेळी उघडा नसतोच, दोन पडद्यांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट असते आणि ती फट वरून खाली धावते. त्या दोन पडद्यांत कणभर पुढेमागे झालं की फोटोचा एक भाग काळपट येतो. इतकं नाजूक काम आहे आणि ते आपण दिवसातून हजारो वेळा करून घेतो.

शटर साधारण किती क्लिक टिकेल, याचं कंपन्या रेटिंग देतात. कॅनन सिक्स डीला १ लाख, फाइव्ह डी मार्क थ्री आणि मार्क फोरला दीड लाख, निकॉन डी७५० दीड लाख, डी८५० ला २ लाख, सोनी ए सेव्हन थ्रीलाही २ लाख, आणि वन डीएक्स मार्क थ्रीसारख्या बॉडीला ५ लाख. हा आकडा म्हणजे एक्स्पायरी डेट नव्हे. कुणाचं शटर ६० हजारांत जातं, कुणाचं ३ लाखांवर गेलं तरी चालू असतं. पण अंदाज मात्र येतो. लग्नाला ३ हजार क्लिक धरले तर दीड लाख म्हणजे ५० लग्नं, म्हणजे जोरात चालणाऱ्या माणसाचे एक-दोन सीझन. आणि बर्स्टची सवय असेल तर बघा, डी८५० सेकंदाला ७ फ्रेम मारतो, बटण सलग दाबून धरता आलं असतं तर आठ तासांत २ लाख पुरे झाले असते. टाइमलॅप्सवाल्यांनी पण लक्षात ठेवा, १० सेकंदांच्या क्लिपला सेकंदाला २४ फोटोंच्या हिशोबाने २४० क्लिक जातात.

वेळेच्या आधी शटर का जातं, याची आपल्याकडची कारणं वेगळी आहेत. जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतात, जोतिबाला चैत्रात गुलाल, विसर्जनाला पुन्हा गुलाल. फोटो अप्रतिम मिळतात, मी जाऊ नका असं कधीच म्हणणार नाही. पण ती पूड पिठाहून बारीक असते आणि घामाचा हात लागला की चिकट होते. तिथे उभं राहून लेन्स बदलली की ती पूड आरशाच्या खोलीत जाते आणि तिथून पडद्यांच्या सांध्यात. पडदे धरून ठेवणारे जे छोटे चुंबक असतात त्यांच्यावर तेलकट थर बसला की पडदा सुटायला उशीर करतो. म्हणून यात्रेला दोन बॉडी नसतील तर एकच झूम लावून जा आणि लेन्स काढूच नका.

दुसरं कारण सफाई. डब्यातली प्रेशरची हवा थेट आत मारतात, त्याने पाती वाकतात. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर वापरा, तोही लांबून. पात्यांना बोट लावायचं नाही, कापड लावायचं नाही. आणि तिसरं म्हणजे ऊन. मिररलेसला पुढे आरसा नसतो, ८५ एमएम १.२ सारखी लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून टेबलावर ठेवला तर लेन्स तो प्रकाश एका बिंदूवर आणते, आणि पडदा बंद असेल तर पात्यांना भोक पडू शकतं. कॅप लावायची, एवढंच.

आता महत्त्वाचा भाग. शटर गेलंय हे ठरवायचं कसं? माझ्याकडे पोरं घाबरून येतात, दादा फोटोत काळा पट्टा येतोय, शटर गेलं. मी आधी विचारतो फ्लॅश लावला होता का आणि स्पीड किती होता. फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच पूर्ण सेन्सरवर पडतो, हाय स्पीड सिंक, म्हणजे त्याहून जास्त स्पीडला फ्लॅश चालवायची सोय, नसताना तुम्ही १/५०० ला मारला तर फ्लॅश पेटतो तेव्हा दुसरा पडदा अर्ध्यावर आलेला असतो, त्याचीच सावली पट्टा म्हणून दिसते. शटर ठणठणीत आहे! मग विचारतो हॉलमध्ये एलईडी होते का. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलचं तर आणखी वेगळंच चालतं, त्यामुळे जास्त स्पीडला आडवे पट्टे येतात. हेही शटर नाही.

म्हणून टेस्ट दिवसाच्या उजेडात करायची. पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश, सूर्य फ्रेममध्ये नको, फ्लॅश बंद, मॅन्युअल मोड, ॲपर्चर ८ च्या आसपास. स्पीड १/६० पासून १/८००० पर्यंत एकेक पायरी वाढवत जा, सोबत आयएसओ वाढवून उजेड सारखा ठेवा, प्रत्येक स्पीडला दहाएक फोटो घ्या. सगळे कडेपासून कडेपर्यंत सारखे आले तर शटर ठीक. फक्त १/२००० च्या वर एक बाजू काळवंडत असेल तर पडद्यांचं टायमिंग बिघडतंय, शटर अजून चालतंय पण सीझनला त्याच्या भरवशावर राहू नका. स्लो स्पीडलाही अर्धा फोटो काळा येत असेल तर पातं अडकतंय किंवा तुटलंय, आणि तेव्हा एकही क्लिक पुढे मारू नका, कारण तुटलेलं पातं सेन्सरच्या काचेवर घासलं तर खर्च कुठल्या कुठे जातो.

अजून एक खात्री करता येते. व्हिडिओ काढून बघा. व्हिडिओ स्वच्छ आणि फोटो खराब, तर सेन्सर चांगला आहे, संशय शटरवर. मिररलेसवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक शटरवर एक आणि मेकॅनिकलवर एक फोटो काढला की लगेच कळतं.

एरर कोडचं म्हणाल तर कॅननमध्ये ३० म्हणजे शटर, २० म्हणजे मेकॅनिकल बिघाड. २० आला म्हणून शटरच गेलं असं नसतं, आरसा उचलणारी मोटर किंवा तिचा एखादा गिअर पण असू शकतो आणि ते काम वेगळं आहे. ०१ तर लेन्सच्या कॉन्टॅक्टचा असतो, कोरड्या मऊ कापडाने पुसून बघा. एरर आल्यावर पहिलं काम बॅटरी काढायची, ग्रिप लावली असेल तर ग्रिप काढायची, लेन्स काढायची, थोडं थांबून दुसरी चार्ज बॅटरी टाकायची. पण बॉडी घरी उघडू नका, वर पॉपअप फ्लॅश असलेल्या बॉडीत कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या आसपास धरून बसलेला असतो, बॅटरी काढली तरी.

आणि पैसे भरायच्या आधी मॉडेलची चौकशी करा, हे फार जण करत नाहीत. निकॉन डी६०० २०१२ ला आला आणि सेन्सरवर ठिपके पडायला लागले, लोकांनी आरडाओरडा केला, आणि २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी तपासून शटर फुकट बदलून देऊ, पुढे चीनच्या सरकारी टीव्हीवरही विषय गेला. डी७५० मध्ये फोटोचा भाग काळा येण्याची तक्रार होती, २०१५ मध्ये कंपनीने ती मान्य केली आणि पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये त्यात आणखी सिरियल नंबर घेतले, दुरुस्ती फुकट. त्या काळात ज्याने नंबर न तपासता बाहेर पैसे भरले त्याचे ते पैसे विनाकारण गेले. आजही सेकंडहँड डी७५० घेताना ते काम झालंय का हे विचारायलाच हवं.

आता खर्च. शटर दुरुस्त होत नाही, बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलतात. बिलात तीन गोष्टी असतात: पार्ट, लेबर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. उदाहरणासाठी आकडे घेऊ, पार्ट ७ हजार, लेबर ३ हजार, जीएसटी १८००, झाले ११ हजार ८००. तुमच्या मॉडेलला कमी-जास्त होईल, फुल फ्रेमला जास्तच. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात किंवा दिल्लीला कूचा चौधरीत चौकशी केली तर त्याहून स्वस्त सांगणारेही भेटतील, आणि तिथे हाताला चव असलेले उत्तम कारागीर आहेत हे मी मनापासून सांगतो. पण स्वस्त का आहे ते विचारा. युनिट नवीन आहे की दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून काढलंय? काढलेलं असेल तर त्या बॉडीचा काउंट, म्हणजे झालेले एकूण क्लिक, किती होता? हे चुकीचं नाही, जुन्या मॉडेलचे नवीन पार्ट मिळतच नाहीत तेव्हा दुसरा रस्ताच नसतो, पण ८० हजार चाललेल्या शटरचे पैसे नव्याच्या भावाने देऊ नका.

लेबर जास्त का म्हणता, तर शटरपर्यंत जायला जवळपास सगळा कॅमेरा उघडावा लागतो, सेन्सर काढावा लागतो. काही बॉडीत सेन्सरच्या खाली कागदासारखे पातळ वॉशर असतात, ते जिथले तिथे आले नाहीत तर सेन्सर तिरका बसतो आणि फोटोची एक बाजू सॉफ्ट येते. बसवून झाल्यावर स्पीड मशीनवर मोजून जुळवावे लागतात, फोकस तपासावा लागतो. हे करणारा माणूस पैसे मागणारच आणि ते दिले पाहिजेत. म्हणून घ्यायला जाताना आपली लेन्स आणि कार्ड घेऊन जा, तीच भिंतीची टेस्ट तिथेच करा, चारही कोपरे झूम करून बघा, शटरवर किती महिन्यांची गॅरंटी ते बिलावर लिहून घ्या, जुनं युनिट परत मागा.

कधी करायचंच नाही? माझा हिशोब असा, दुरुस्तीचा खर्च त्याच बॉडीच्या सेकंडहँड भावाच्या निम्म्यावर गेला तर थांबायचं. फक्त जिच्या वायरी, ग्रिप, बॅटऱ्या, लेन्सेस सगळं तुमच्याकडे आहे अशी बॉडी असेल तर थोडं पुढे जायला हरकत नाही.

पण मंडळी, हेच ११ हजार ८०० दीड लाख क्लिकवर वाटून बघा. क्लिकला आठ पैसे पण पडत नाहीत. ३ हजार क्लिकच्या लग्नामागे २३६ रुपये. अडीचशे रुपये प्रत्येक ऑर्डरमधून बाजूला टाकले तर शटर जाईल त्या दिवशी पैसे तयार असतात. खरा मार कॅमेरा दुकानात पडून असतो त्या दिवसांचा बसतो, भाड्याची बॉडी आणायची, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला द्यायची, आणि लग्नातला तो क्षण गेला तर तो कुठल्या बिलात लिहायचा? नवीन पोरं हप्त्यावर बॉडी घेतात, हप्ता संपायच्या आत शटर जातं आणि दोन्ही ओझी एकदम येतात, हे मी बघतो आणि वाईट वाटतं. म्हणून काउंट रेटिंगच्या जवळ आला असेल तर पावसाळ्यातच, काम कमी असताना, तपासून घ्या. निकॉन-सोनीचा काउंट बहुतेक वेळा फोटोच्या माहितीतूनच निघतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींना सॉफ्टवेअर लागतं, दुकानात काढून देतात.

मागून कुणीतरी विचारतंय की निकॉन झेड नाइनला शटरच नाही, मग तेच घ्यावं का. बरोबर आहे, २०२१ चा झेड नाइन आणि २०२३ चा झेड एट, दोघांनाही मेकॅनिकल शटर नाही, सेन्सर इतक्या वेगाने वाचतो की पडद्याची गरज उरली नाही, आणि सोनीच्या ए नाइन थ्रीमध्ये तर अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. परवडत असेल तर जरूर घ्या. पण पडदा नाही म्हणजे एलईडीचे पट्टे गेले असं झेड नाइनच्या बाबतीत समजू नका, हॉलमध्ये आधी टेस्ट शॉट घ्याच. आणि लेन्स काढल्यावर सेन्सरपुढे जे झाकण दिसतं ते शटर नाही, धुळीपासून आडोसा आहे, त्यालाही बोट लावायचं नाही आणि हवा मारायची नाही.