हायब्रीड मांजर दत्तक घेतलंय? आधी एकच खोली द्या

नमस्कार मंडळी. आज मांजरावर बोलायचंय. हसू नका, विषय वाटतो तेवढा किरकोळ नाहीये. जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, फ्लॅटच्या खिडकीत आजकाल अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेलं एखादं मांजर दिसतं, लोक खाली थांबून फोटो काढतात, पोरं ओरडतात ए वाघ बघ वाघ. पुण्या-मुंबईकडून, हैदराबादकडून हौसेनं आणलेलं असतं. आणि मग हौस फिटली, किंवा बदली झाली, किंवा घरात बाळ आलं, की 'कुणाला पाहिजे का' असा मेसेज ग्रुपवर फिरतो आणि ते मांजर दुसऱ्या घरी जातं. आज मी त्या दुसऱ्या घराशी बोलतोय.

आपल्याकडं पर्शियन आणि गावठी यांच्या क्रॉसलापण हायब्रीडच म्हणतात, त्यांना यातलं बरंच लागू पडेल. पण मी मुख्यतः बोलतोय ते ज्याच्या वंशात कुठंतरी खरं जंगली मांजर आहे त्याच्याबद्दल. बेंगाल घ्या. घरगुती मांजर आणि आशियातली लेपर्ड कॅट यांच्या संकरातून ही जात आली. लेपर्ड कॅट म्हणजे बिबट्या नव्हे बरं का, अंगानं ती आपल्या घरच्या मांजराएवढीच असते. दुसरी जात सवाना, त्यात आफ्रिकेतला सर्व्हल आहे, लांब पायांचा आणि मोठाल्या कानांचा, तसलं पहिलं पिल्लू १९८६ साली अमेरिकेत जन्मलं. जंगली पूर्वजापासून किती पिढ्या लांब, ते एफ वन, एफ टू असं मोजतात. एफ वन म्हणजे आईबापातलं एक सरळ जंगली. चार-पाच पिढ्या उलटल्या की ते मांजर घरात रमू शकतं, त्याच्या अलीकडचं मात्र घरात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, ना त्याला सुख ना तुम्हाला.

कायद्याचं पण बघा. लेपर्ड कॅटला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पहिल्या चार पिढ्यांच्या संकराला सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागतात, आणि सायटिसच्या यादीतले प्राणी घरात असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायला लागते. म्हणून देणाऱ्याकडं पिढीचा, जन्माचा, लसीचा कागद मागा की, लाजायचं काय त्यात. कागद नसला तर एकतर ते साधं ठिपक्यांचं मांजर आहे, ज्यात काहीच वाईट नाही, नाहीतर काहीतरी लपवाछपवी आहे.

आणि हे ग्रामीण भागातल्या श्रोत्यांसाठी. ऊसतोडीच्या दिवसात फडात ठिपक्यापट्ट्यांची पिल्लं सापडतात. ती रानमांजराची असतील, वाघाटीची असतील, कधी बिबट्याचीपण असतात. आई जवळपासच असते, रात्री येऊन घेऊन जाते. तिथंच राहू द्या आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. ते घरी आणून दूध पाजलं तर ते दत्तक घेणं होत नाही, गुन्हा होतो.

बरं, आता मांजर घरी आलं. आपण काय करतो? कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची-आणायची पेटी, हॉलच्या मधोमध ठेवून उघडतो, शेजारच्या वहिनी, वरचे काका, पोरांचे मित्र, सत्यनारायणाला जमावेत तसे सगळे गोल करून बसतात, कुणी मोबाईल तोंडापुढं धरतंय, कुणी मान पकडून मांडीवर घेतंय, आणि ते बिचारं दिवाणाखाली घुसतं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर येत नाही. मग आपणच म्हणतो, लई माजोरडं आहे हो. अहो माजोरडं नाही, घाबरलंय ते. त्याचं ओळखीचं सगळं, वास, आवाज, माणसं, एका दिवसात गेलंय.

म्हणून एकच खोली द्या. छोटी, दार नीट लागणारी, जिथं वर्दळ नाही अशी. सगळं घर दाखवायची घाई करू नका, मांजराला मोठी जागा नवीन असली की ती मोठीच भीती असते. कॅरियर तिथंच कोपऱ्यात उघडा ठेवून द्या, ती त्याची गुहा. शेजारी पुठ्ठ्याचा खोका आडवा टाका, वर आपली जुनी सोलापुरी चादर टाका, जाड असल्यामुळं आत अंधार पण होतो आणि आवाज पण कमी येतो. आणि आधीच्या घरून येताना त्याच्या अंथरुणातला एखादा टॉवेल आणि वापरलेलं थोडंसं लिटर, म्हणजे त्याच्या संडासाच्या ट्रेमधली वाळू, मागून आणाच. घाण वाटू देऊ नका, ते थोडंसं नव्या ट्रेमध्ये टाकलं की त्याला कळतं हे आपलं संडास. ट्रे एका कोपऱ्यात, जेवण दुसऱ्या कोपऱ्यात, पाणी जेवणापासून जरा लांब.

पहिल्या दिवशी कमी खाईल. लगेच ब्रँड बदलू नका, आधीच्या घरी जे खात होतं तेच द्या आणि नवीन हळूहळू आठवडाभरात मिसळा. पण पूर्ण एक दिवस तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, कारण उपाशी मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते आणि मग ते फार अवघड होऊन बसतं. दूध नको. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा ते पचत नाही, जुलाब लागतात. उकडलेलं चिकन चालतं, पण बिनमसाल्याचं. आपल्या रश्श्यातला तुकडा प्रेमानं देऊ नका, कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहे.

ओळख कशी करायची? काहीच करायचं नाही. खोलीत जा, जमिनीवर बसा, त्याच्याकडं टक लावून बघू नका, मांजराच्या भाषेत ती धमकी आहे. संचार पेपर उघडा आणि बातम्या मोठ्यानं वाचत बसा, खरंच, आवाजाची सवय होते. नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटा, हळू उघडा. ते आपणहून येईल, वास घेईल, निघून जाईल, जाऊ द्या. घरात आज्जी एका नावानं हाक मारते, पोरगं दुसऱ्या, असं करू नका, एकच छोटं नाव ठरवा आणि जेवण ठेवताना ते घ्या.

आता हायब्रीडचं वेगळेपण कुठं येतं, तर त्याच्या अंगातल्या रगीत. साधं मांजर दुपारी पंख्याखाली पडून राहील, हे कपाटावर, तिथून पडद्यावर, तिथून पंख्याकडं बघतंय. दाराचं हँडल उडी मारून खाली ओढायला शिकतं, नळाची धार पंजानं पकडतं. त्याला उंची लागते, म्हणून भिंतीला फळ्या मारा किंवा जुनं रॅक रिकामं करून द्या. आणि रोज दोन वेळा दमेपर्यंत खेळवा, काठीला पिसं बांधून, शिकार पळते तसं पळवायचं, शेवटी पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. शिकार, मग जेवण, मग झोप, हा त्याच्या अंगात असलेला क्रम आहे, रात्री बाराला हा क्रम पाळलात तर पहाटे चारला तुमच्या पायाचा अंगठा वाचेल. हातानं मात्र कुस्ती खेळायची नाही. पिल्लू असताना गंमत वाटते, मोठं झालं की रक्त निघतं. चावलं किंवा बोचकारलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा, घरचंच मांजर आहे म्हणून अंगावर काढू नका.

खेळवताना दोरा मात्र नको, आणि हे मी आपल्या सोलापुरात जरा जास्तच आवाज चढवून सांगतो, कारण इथं पूर्व भागात घरोघरी सूत आहे, कोन आहेत, टॉवेलच्या दशा आहेत, संक्रांतीला मांजा आहे. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, दोरा एकदा जिभेवर चढला की त्याला थुंकता येत नाही, गिळतच जातं. आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, अज्जिबात नाही, तसंच उचलून डॉक्टरकडं. रात्री माग बंद केल्यावर ती खोली कुलपात.

दुसरं पाण्याचं. आपल्याकडं काही दिवसाआड पाणी येतं म्हणून घरात पिंपं, टाक्या, हौद भरून ठेवलेले. आणि या बेंगालला पाण्याची ओढ. अर्धं भरलेलं प्लॅस्टिकचं पिंप, गुळगुळीत काठ, आत पडलं की नखं रुतत नाहीत. झाकण घाला आणि त्यावर वजन ठेवा.

फरशी फिनेलनं पुसायची सवय असेल तर ती सोडा. फिनेल, डेटॉल यांच्यातले घटक मांजराला बाधतात, ते पाय चाटतं आणि ते पोटात जातं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यासुद्धा नकोत. आणि ताप वाटला म्हणून क्रोसिन देणारे महाभाग असतात, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावू नका.

उन्हाळ्याचं काय सांगायचं, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो ते तुम्हाला माहितीये. पाण्याच्या दोन-तीन वाट्या मातीच्या, कूलर, दुपारी पत्र्याच्या खोलीत कोंडायचं नाही. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते नॉर्मल नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसत दवाखाना गाठा. चपट्या नाकाच्या पर्शियन क्रॉसवाल्यांनी तर हे दोनदा ऐका.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि दिवाळी, हे दोन काळ फटाक्यांचे. होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा निम्म्या शहराला आवाज जातो. जानेवारीत मांजर आणणार असाल तर यात्रा उरकू द्या की. घरात आधीच असेल तर त्या संध्याकाळी त्याच खोलीत, खिडक्या बंद, टीव्ही चालू, आणि ओढून बाहेर काढायचं नाही.

घरात आधीचं मांजर असेल तर पहिले दिवस तोंड बघू देऊ नका. याचा टॉवेल त्याच्याकडं, त्याचा याच्याकडं, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूला दोघांची ताटली. ट्रे मात्र मांजरांपेक्षा एक जास्त, दोन मांजरं तर तीन ट्रे. लसीचं थोडक्यात: पिल्लाला ट्रायकॅट, म्हणजे मांजराच्या तीन रोगांवरची लस, सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हा देतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर, जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं, आणि नसबंदी साधारण पाच-सहा महिन्यांला, नाहीतर नर घरभर मुतून हद्द आखेल.

आणि खोलीचं दार उघडायचं कधी? कॅलेंडर बघून नाही. तुमच्यासमोर बसून खातंय, ट्रे नीट वापरतंय, तुम्ही आलात की शेपटी वर करून दारापर्यंत येतंय, म्हणजे तयार आहे. घर शांत असेल अशी वेळ बघा, पोरं शाळेत गेल्यावर दुपारची बरी. बाल्कनीला आधी जाळी, मेन दाराला कडी, मग तासभर हॉल. खोलीचं दार उघडंच ठेवा, घाबरलं की पळत मागं जाता आलं पाहिजे. उद्या परत तेवढंच, मग स्वयंपाकघर. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन महिने. पाहुणे सगळ्यात शेवटी, आणि त्यांना सांगून ठेवा, उचलायचं नाही. नमस्कार.