बोटीवरचं जेवण आणि कोटाची सक्ती

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझचं तिकीट काढताना माणसं बरंच काही विचारून घेतात. केबिनला खिडकी आहे का, बोट हलते का, शाकाहारी जेवण मिळेल का. कपड्यांबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग निघायच्या आठ दिवस आधी एजंटकडून एक लांबलचक पीडीएफ येते, आणि तिच्यात कुठंतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की अमुक दोन रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये फॉर्मल कपड्यांशिवाय प्रवेश नाही. घरात तिथून वाद सुरू होतो. "एवढे पैसे भरायचे आणि वर गळ्यात टाय अडकवायचा?" असं एक जण म्हणतो. "लग्नात शेरवानी घालताना कसं चालतं मग?" असं दुसरं कोणी.

बोटीवाल्यांनी अशी सक्ती करावी का? माझं मत आधीच सांगून टाकतो. करावी, पण एकाच खोलीपुरती, तिकीट काढण्याआधी स्पष्ट सांगून, आणि आपला बंदगळा, आपली साडी टाय-कोटाच्या बरोबरीची मानून. यातली एक गोष्ट जरी नसेल, तर मग सक्ती नको.

बोटींवर सध्या काय चालतं ते बघू. क्युनार्ड ही 1840 पासूनची कंपनी या बाबतीत कडक म्हणून ओळखली जाते. तिची 'क्वीन मेरी 2' साउदॅम्प्टनहून न्यू यॉर्कला साधारण सात रात्रींत जाते आणि त्यातल्या दोनेक रात्री 'गाला' असतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट नाहीतर गडद सूट आणि टाय, बायकांनी गाऊन किंवा तसाच ठेवणीतला पोशाख घालायचा. ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी 'किंग्ज कोर्ट' नावाचा बुफे आणि आणखी काही जागा मोकळ्या असतात. याच्या अगदी उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइन. तिनं 2000 साली 'फ्रीस्टाईल' पद्धत आणली आणि ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेला पोशाख हे तिन्ही काढून टाकलं. या दोघींच्या मधल्या कंपन्यांनी शब्द सैल केले. कुणी 'एलिगंट' म्हणतं, कुणी 'इव्हनिंग शिक'. मला हे सैल शब्दच जास्त त्रासाचे वाटतात. 'टाय हवा' म्हटलं की माणूस टाय घेतो किंवा बुफेला जातो. 'शिक' म्हटल्यावर सोलापुरात बॅग भरणाऱ्यानं नेमकं काय भरायचं?

या रात्री कोणत्या, यालाही एक हिशेब असतो. पहिली रात्र सहसा नसते, कारण धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. शेवटची रात्रही नसते, कारण त्या रात्री बॅगा बांधून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. मधल्या दिवसांतही बंदर असेल तर माणसं उन्हातान्हात फिरून सहा वाजता परततात, त्यांना आंघोळीलाही वेळ पुरत नाही. म्हणून बहुतेक वेळा ज्या दिवशी बोट नुसती समुद्रात असते, तोच दिवस निवडतात. सहलीचा कार्यक्रम हातात आला की असे 'ॲट सी' लिहिलेले दिवस मोजा. फॉर्मल रात्र कधी येणार, याचा अंदाज तिथंच लागतो.

त्याच संध्याकाळी कॅप्टनचं स्वागत असतं आणि जिन्यापाशी, पडद्यांपुढं फोटोग्राफर उभे असतात. ते फोटो विकत घ्यावे लागतात. सजलेला माणूस फोटो विकत घेतो आणि चपला घातलेला घेत नाही, हे बोटीला चांगलं कळतं. तेव्हा परंपरेच्या गप्पा ऐकताना या गल्ल्याकडेही एक डोळा असू द्या.

तरीही मी सक्तीच्या बाजूनं का? आपल्या सोलापूरचंच घ्या. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि त्यांच्याबरोबरचे भक्त पांढऱ्या बाराबंदीत आणि धोतरात असतात. पँट घालून यायला कोणी लाजेल अशी ती जागा नव्हे, पण जो ध्वजाला हात लावतो तो त्या वेशात असतो, म्हणूनच ती मिरवणूक तशी दिसते. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली हजारो माणसं मात्र हवे ते कपडे घालून येतात, आणि त्यांना कोणी हटकत नाही. बोटीवरही एवढंच असावं. एका दालनात दोन रात्री सगळ्यांनी नटून यायचं ठरलं असेल, तर त्या दालनाला ते मागण्याचा हक्क आहे. तो हक्क डेकवर, बारमध्ये, नाटकघरात पसरवायला लागलं की माझा विरोध सुरू होतो. संध्याकाळी सहानंतर जवळजवळ सगळ्या बोटीवर नियम लावायचा आणि नको असेल त्यानं कोपऱ्यात बसायचं, हे बरोबर नाही.

दुसरी अडचण ताटाची. कंपन्या म्हणतात, फॉर्मल नको तर बुफे आहेच, भाडं तेच. ऐकायला ठीक आहे. पण बऱ्याच परदेशी बोटींवर आपल्या पद्धतीचं शाकाहारी किंवा जैन जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि ते मुख्य डायनिंग रूममध्येच वाढतात. त्या रात्री मुख्य दालनात वाढतात तो लॉब्स्टर हुकला म्हणून आपल्याकडच्या लिंगायत किंवा जैन घरात कोणाला वाईट वाटायचं नाही. पण कोट नको म्हणणाऱ्या आजोबांच्या वाट्याला वर बुफेत उकडलेल्या भाज्या आणि पाव आले, तर तो पर्याय कागदापुरताच राहिला. सक्ती करायची तर तेच सांगून ठेवलेलं जेवण बुफेच्या टेबलावरही आलं पाहिजे.

आता दारावरचा प्रश्न. नियम लिहिलेला असतो, पण पाळला जातो अर्धवट, आणि त्याचं कारण साधं आहे. दारात उभा असतो तो हेडवेटर किंवा त्याचा मदतनीस. सहल संपली की प्रवासी एक फॉर्म भरून कर्मचाऱ्यांना गुण देतात, आणि त्या गुणांवर पुढचं काँट्रॅक्ट, बढती अवलंबून असते. हाफ पँटीतल्या माणसाला त्यानं परत पाठवलं तर तो माणूस शून्य देणार. आत सोडलं तर आतले शंभर जण कुरकुरतील, पण त्याच्या नावानं नाही. मग तो सोडून देतो. या दारावर कितीदा तरी गोव्याचा, मुंबईचा आपलाच मुलगा उभा असतो, हेही लक्षात असू द्या. म्हणून अडवायचं ते दारातच, आणि तेही अधिकाऱ्यानं. एकदा खुर्चीवर बसलेल्या माणसाला उठवणं हा अपमान आहे. दारापाशी चार-सहा साइझचे कोट उसने द्यायला ठेवले तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

आणि अर्धवट पाळलेला नियम नसलेल्या नियमापेक्षा वाईट. ज्यानं विमानाच्या वीस-तेवीस किलोंच्या मर्यादेत कोट आणि बूट कोंबून आणले, त्याच्या शेजारी बर्म्युडावाला येऊन बसला, तर मूर्ख ठरतो तो कोटवाला.

आता आपल्या पोशाखाकडे येऊ. क्युनार्डसारख्या कडक कंपनीतही राष्ट्रीय पोशाख फॉर्मल म्हणून चालतो. स्कॉटलंडचा माणूस तिथं किल्ट घालूनच येतो. तेव्हा आयुष्यात पुन्हा न घालायचं डिनर जॅकेट शिवण्याची गरज नाही. आपल्या देशात हा झगडा झालेला आहे. 2014 साली चेन्नईच्या एका क्लबमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसली म्हणून आत घेतलं नाही. त्यावर इतका गदारोळ झाला, की त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेनं वेष्टीला बंदी करणाऱ्या क्लबांविरुद्ध कायदा केला. पण तो कायदा तमिळनाडूपुरता. 'क्वीन मेरी 2' ची नोंदणी बर्म्युडातली, तिथं आपला उपयोग कंपनीच्या लेखी नियमाचाच.

म्हणून लेखी घ्या. बंदगळ्याबद्दल सहसा शंका येत नाही. नुसता झब्बा-पायजमा मात्र दारावरच्याला घरचा पोशाख वाटू शकतो. वर जॅकेट आणि पायात बंद मोजडी किंवा बूट असले की अडत नाही. कोल्हापुरी चप्पल बहुधा अडेल, कारण पुरुषांच्या उघड्या चपला बऱ्याच बोटींवर संध्याकाळी चालत नाहीत. धोतर, फेटा किंवा पगडी घालायची असेल, तर कंपनीला फोटोसकट ई-मेल करा आणि उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा. टोप्यांवर बंदी असते ती क्रिकेटच्या टोपीसाठी लिहिलेली, पण दारावरच्याला फेट्याचा अर्थ रात्री आठ वाजता समजावून सांगत बसण्यापेक्षा कागद बरा.

बंदगळा शिवायचा तर कापड साधारण 58 इंच पन्ह्याचं, कोटाला दोन ते सव्वादोन मीटर, पँटला सव्वा मीटर लागतं. उंच किंवा भरदार माणसाला थोडं जास्त. लिनन घेऊ नका, बॅगेतून निघताना त्याचा चुरगळा होतो. टेरीवूल किंवा वूल घ्या, रंग काळा, नेव्ही नाहीतर गडद हिरवा. टेलरला दोन गोष्टी विचारा. एक, छातीला कॅनव्हास आहे की नुसतं चिकटवलेलं फ्यूजिंग? हलक्या प्रतीचं फ्यूजिंग बोटीच्या लाँड्रीतल्या वाफेच्या प्रेसखाली सुटतं आणि छातीवर फुगे येतात. ते परत बसत नाहीत. दोन, कमरेच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडली का? बोटीवर दिवसातून चार-पाच वेळा खाणं होतं, आणि माप महिन्यापूर्वीचं असतं. कॉलर बंद केल्यावर आत एक बोट सहज फिरलं पाहिजे. ट्रायल दोनदा हवी. आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की शिंप्यांच्या हाताला उसंत नसते, म्हणून डिसेंबरात निघणार असाल तर कापड दसऱ्याआधी टाका. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत; पण हे काम त्यांचं नव्हे, एकेक माप घेऊन बसणाऱ्या टेलरचं आहे.

बायकांसाठी नियम तसा सोपा, साडी म्हटली की प्रश्नच मिटतो. तरी साडी कोणती, हे महत्त्वाचं. आपल्या कोरड्या हवेत कडक स्टार्चची सुती साडी दिवसभर उभी राहते. समुद्राच्या दमट हवेत ती तासाभरात मऊ पडते. इरकल रेशमी घ्या, हलकी असते, चुरगळत नाही आणि टोप-तेनीच्या पदराला दुसरं काही लागत नाही. पैठणी न्यायचीच असेल तर मलमलच्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि अत्तराचा फवारा नेसण्याआधी अंगावर मारा. जरीवर उडाला की ती काळी पडते. निऱ्या जमिनीपासून इंचभर वर ठेवा. डेकवर जायच्या दारांना उंच उंबरे असतात आणि बोट थोडी जरी डुलली तरी पाय निरीत अडकतो. टोकदार टाचेपेक्षा जाड टाच बरी.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीनं इस्त्री, स्टीमर, बऱ्याचदा एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी इस्त्रीची खोली असते. नसेल तिथं कपडे आदल्या सकाळीच प्रेसला टाका, कारण फॉर्मल दिवशी दुपारी सगळ्यांनाच घाई असते. वूलचा कोट बाथरूममध्ये टांगून दहा-पंधरा मिनिटं गरम शॉवर सोडला की सुरकुत्या उतरतात. रेशमाला मात्र हे करू नका, पाण्याचे डाग पडतात. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, लोहचुंबकाचे चार हुक नेले की कोट आणि साडी दोन्ही टांगता येतात. विमानानं बोटीपर्यंत जाणार असाल तर त्या रात्रीचा एक पोशाख हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग हरवली तर ती तुमच्या मागोमाग बंदरांवरून फिरत राहते.

एवढं करूनही ज्याला नाहीच जमत, त्याचं काय? मधुमेहामुळं पाय सुजलेले, बंद बूट घालता येत नाहीत, पट्टी बांधलेली आहे, बॅग आलीच नाही. अशांना बोटीनं सवलत दिलीच पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी मागितली की मिळते. फक्त ती संध्याकाळी दारातल्या रांगेत मागू नका. बोटीवर चढलात त्या दुपारी डायनिंग रूमचे मुख्य अधिकारी टेबलांची अदलाबदल करायला तास-दोन तास बसलेले असतात. तेव्हा जा, पाय दाखवा, नाव लिहून घ्यायला सांगा, आणि त्याच वेळी जैन जेवणाचंही सांगून ठेवा.

नमस्कार.