बाटलीच्या काचेवरचं तेल

(दृश्य: काचेच्या टाकीत ओतलं जाणारं इंधन)

तवंग नाही. पाण्यात पसरतोय तो गडद तपकिरी ढग. हे ऑरिमल्शन: व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं बिटुमेन, म्हणजे घट्ट, जड तेल, सुमारे ७० टक्के, पाणी ३० टक्के आणि थेंब सुटे ठेवणारं थोडं सर्फॅक्टंट. कॅनडात, न्यू ब्रन्सविकमधल्या डलहौसीच्या वीजकेंद्रात १९९४ पासून हे जाळलं जाऊ लागलं. ते पाण्यात सांडलं, तर पाण्यात किती तेल आहे ते कसं मोजायचं?

(दृश्य: दोन टाक्या शेजारी-शेजारी)

डावीकडे गोडं पाणी, उजवीकडे समुद्राचं. बिटुमेन गोड्या पाण्याहून किंचित जड, खाऱ्याहून किंचित हलकं. डावीकडे थेंब हळूहळू खाली बसतात, उजवीकडे वर येतात. नुसत्या पृष्ठभागावरून बाटली भरली, तर डावीकडच्या टाकीत बरंच तेल हुकणारच.

(दृश्य: तपकिरी काचेची एक लिटरची बाटली, हात जवळून)

बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली, मग ४ अंशांवर थंड. आणि नमुना गाळायचा नाही. गाळला की तेल गाळणकागदावर राहतं आणि अहवालात पाणी स्वच्छ निघतं.

ऑर्थो-टरफेनिल हे खुणेचं रसायन आधी, मोजून, बाटलीतच टाकायचं. शेवटी ते किती परत मिळालं, यावरून आपण किती तेल गमावलं ते कळतं. आता सगळं पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये. बाटली रिकामी दिसते. तशी ती नसते.

(दृश्य: काचेवरून ओघळणारे तपकिरी पट्टे)

६० मिली डायक्लोरोमिथेन, म्हणजे तेल विरघळवणारं द्रावक, आधी या बाटलीत फिरवायचं, मगच फनेलमध्ये. असं तीनदा. बिटुमेन काचेला धरून बसतं; ही पायरी टाळली की आकडा थेट कमी येतो. नंतर बाटलीत रेघेपर्यंत नळाचं पाणी भरून ते मोजलं, की नमुन्याचं आकारमान मिळतं.

फनेल हलवताना तोटी वर, वाफ वारंवार सोडायची. मधला फेसाळ थर सर्फॅक्टंटची करणी. मीठ घाला, तरी हटला नाही तर सेंट्रिफ्यूज. खालचा थर सोडियम सल्फेटवरून कोरडा करून नायट्रोजनखाली एक मिलीपर्यंत. पूर्ण सुकवला तर नॅप्थॅलिन उडून जातं.

(दृश्य: पडद्यावर गॅस क्रोमॅटोग्राफचा आलेख)

डिझेलसारखी टोकांची रांग इथे नाही, कारण जमिनीखालच्या जिवाणूंनी तेलातले सरळ साखळीचे रेणू कधीच संपवले आहेत. उरतो एक उंचवटा. ओळख पटते ती होपेन या तेलातल्या टिकाऊ संयुगांवरून: रेणूंचे तुकडे वजनानुसार मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर १९१ चा आयन, मूळ इंधनाच्या राखीव नमुन्याशेजारी ठेवून.

(दृश्य: किनाऱ्यावरचे काळे दगड)

सर्फॅक्टंट धुऊन गेलं की थेंब डांबरासारखे चिकटतात.

(दृश्य: दुसरी बाटली)

सर्फॅक्टंट मात्र या आलेखात दिसत नाही. त्याला लिक्विड क्रोमॅटोग्राफी लागते, आणि वेगळी भरलेली बाटली.