वाऱ्याला ताल सापडू द्यायचा नाही

(साताऱ्यात बांधकाम व्यावसायिक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उंच इमारतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न वजनाचा येतो. एवढं ओझं जमीन पेलते कशी? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे, म्हणून ते आधी उरकून घेऊ.

दुबईची बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे. आपलं कोयना धरण 103 मीटर, म्हणजे अशी आठ धरणं एकावर एक रचल्यासारखं झालं. तिच्याखाली दीड मीटर व्यासाचे, साधारण 43 मीटर लांबीचे 192 पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर 3.7 मीटर जाडीची राफ्ट, म्हणजे काँक्रीटची सलग लादी. एकट्या राफ्टला साडेबारा हजार घनमीटर काँक्रीट लागलं. आपल्याकडे थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. ते भाग्य दुबईला नाही. तिथला खडक मऊ, ठिसूळ. त्यामुळे पाइलचं टोक टेकवून भागत नाही. पाइलच्या अंगाला आजूबाजूच्या खडकाचं जे घर्षण मिळतं, त्यावर भार तोलावा लागतो.

पायाच्या कामात खरी डोकेदुखी वजनापेक्षा पाण्याची होती. तिथलं भूजल समुद्रापेक्षा खारट आहे. मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटतं. कोकणातल्या जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली सळया उघड्या पडलेल्या दिसतात, तो हाच रोग. म्हणून फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम या बारीक भुकट्या घालून काँक्रीट दाट केलं आणि राफ्टखाली टायटॅनियमची जाळी बसवली. तिच्यातून बारीक विद्युतप्रवाह सोडून सळयांचा गंज रोखतात.

आता वारा. उंच इमारतीचा आकार बहुतांशी तोच ठरवतो.

वारा समोरून ढकलतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण सडपातळ इमारतीला जास्त त्रास आडव्या दिशेनं होतो. वारा इमारतीला वळसा घालून जाताना मागच्या बाजूला भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. प्रत्येक भोवरा इमारतीला थोडं आपल्या बाजूला ओढतो. ही ओढ आणि इमारतीचा स्वतःचा झोका एका तालात आले की झोपाळ्यावरच्या पोराला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. धक्का लहानच असतो, झोका मात्र वाढत जातो.

हिशेब वहीत लिहून घ्या. ज्या वेगाला हा ताल जुळतो, तो वेग म्हणजे इमारतीची वारंवारता (सेकंदाला किती झोके) गुणिले रुंदी, भागिले स्ट्रूहल अंक (आकारावरून ठरणारा एक आकडा). चौरस आकाराला हा अंक साधारण 0.12 धरा. इमारत 50 मीटर रुंद आणि एक पूर्ण झोका 10 सेकंदांचा, म्हणजे वारंवारता 0.1. उत्तर येतं सेकंदाला सुमारे 42 मीटर, ताशी दीडशे किलोमीटर. तीच इमारत 30 मीटर रुंद केली आणि झोका तेवढाच ठेवला, तर ताशी 90 किलोमीटरलाच ताल जुळतो. एवढं वारं पाचशे मीटर उंचीवर काही दुर्मिळ नाही. जागा महाग म्हणून इमारत बारीक करा, असं मालक म्हणतो, तेव्हा हे गणित त्याच्यापुढे ठेवावं.

यावरचा उपाय आपल्या भागात अनेकांनी पाहिलेला असतो. साखर कारखान्याच्या पोलादी धुराड्याच्या वरच्या भागाला कधीकधी पिळासारखी पट्टी वेटाळलेली दिसते. ती शोभेची नसते. तिच्यामुळे भोवरे वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या वेळी सुटतात, एकजुटीनं ओढत नाहीत. बुर्ज खलिफानं तेच मोठ्या मापात केलं. तळात तीन पंखांचा वाय आकार, मधे षट्‌कोनी गाभा; प्रत्येक पंख दुसऱ्या दोघांना टेकू देतो. वर जाताना पंख एकेक करून, गोल जिना चढल्यासारखे आत घेतले आहेत. त्यामुळे रुंदी उंचीगणिक बदलते आणि सूत्रातला वेगही बदलतो. संरचना अभियंता बिल बेकर यांच्या चमूनं वातबोगद्यातल्या चाचण्यांवरून पायऱ्यांची रचना आणि इमारतीची दिशाही बदलली. तिच्यात डॅम्पर, म्हणजे झोका शमवणारं यंत्र नाही, हे मला त्या इमारतीचं सर्वांत मोठं यश वाटतं.

632 मीटरच्या शांघाय टॉवरला तळापासून माथ्यापर्यंत 120 अंशांचा पीळ दिला. वाऱ्याचा भार 24 टक्क्यांनी घटला. तैवानमधल्या तैपेई 101 या इमारतीचे कोपरे खाचा पाडून मोडले, तरी उरलेल्या झोक्यासाठी 660 टनांचा पोलादी गोळा टांगावा लागला. इमारत एकीकडे निघाली की गोळा मागे रेंगाळतो आणि त्याला जोडलेले हायड्रॉलिक दांडे झोक्याची ऊर्जा उष्णतेत घालवतात. 2015 च्या सुडेलर वादळात तो गोळा जवळजवळ एक मीटर हलला. गोळा कितीही मोठा असो, तो इमारतीच्या झोक्याशी जुळवलेला नसेल तर नुसतं ओझं.

चूक कुठे होते, तेही बघा. 18 मे 2021 ला चीनच्या शेन्झेनमधली एसईजी प्लाझा ही 350 मीटरहून उंच इमारत हलायला लागली. ना भूकंप, ना वादळ. माथ्यावरच्या मास्टला, म्हणजे उंच खांबाला, मंद वाऱ्यात ताल सापडला आणि त्यानं खालची इमारत हलवली. शेवटी तो मास्ट काढला. आपल्याकडे इमारत पूर्ण झाल्यावर गच्चीवर मोबाइल टॉवर, होर्डिंग चढवतात. नकाशा करणाऱ्याला ते विचारतं कोण?

भूकंपाचं काय, असं साताऱ्यात विचारलं जाणारच. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का जवळचा होता, आणि जवळच्या धक्क्याची कंपनं भराभर होतात. ती ताठ, बुटक्या दगडी घरांना झोडपतात. दहा-अकरा सेकंदांत एक झोका घेणाऱ्या इमारतीला ती फारशी हलवत नाहीत. म्हणून घर दोन मजल्यांचं असलं, तरी भूकंपाची पट्टी (भिंतींना बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टी) सोडू नका.

काँक्रीट वर नेणं हे वेगळंच प्रकरण. बुर्जमध्ये ते 606 मीटरपर्यंत एका पंपानं ढकललं. त्यासाठी उंचीबरोबर खडी 20 मिलीमीटरवरून 14 वर आणली. मोठी खडी लांब पाइपात अडकते आणि दाबाखाली पाणी पुढे निघून जातं. उन्हाळ्यात ओतकाम रात्री, मिश्रणात बर्फ घालून. शिवाय काँक्रीट वर्षानुवर्षं आकसतं. खांबावर जास्त आणि भिंतीवर कमी ताण आला, तर खांब अधिक बसतो आणि स्लॅब तिरका होतो. म्हणून सर्व उभ्या भागांवर ताण शक्य तितका सारखा ठेवला.

राहिली लिफ्ट. पोलादी दोर पाचशे मीटरच्या पुढे गेला की त्याची बरीचशी ताकद स्वतःचं वजन पेलण्यातच खर्च होते. बुर्जमधली सर्वांत लांब लिफ्ट 504 मीटर चढते. त्याच्या वर जायला लिफ्ट बदलायची. सौदी अरेबियातल्या जेद्दाहच्या हजार मीटरहून उंच टॉवरसाठी कार्बन तंतूंचा हलका पट्टा निवडला आहे. त्या टॉवरचं काम 2013 ला सुरू झालं, 2018 ला थांबलं आणि 2025 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं. त्यांचा दोर तयार आहे. अडकलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.